दाढ दुखायच्या आधी

सरकारी दवाखान्यात दंतविभागासमोरच्या बाकावर थोडा वेळ बसलात, तर एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येते : ‘डॉक्टर, लई दुखतंय, काढूनच टाका.’ गालाला रुमाल बांधलेला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, कामावर खाडा झालेला. अशा माणसाला दुसरे काही सुचणार तरी कसे? दुखते ते काढून टाकले की सुटलो, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

हा हिशेब चुकतो. दाढ ज्या रात्री ठणकू लागते, त्या रात्री तिचा आजार सुरू झालेला नसतो. तो कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे आधी सुरू झालेला असतो. दाढेवर काळा ठिपका दिसला होता, थंड पाणी लागत होते, घास अडकत होता. तेव्हा एका खेपेत आणि थोड्या पैशांत ती दाढ वाचली असती. पण हातावर पोट असलेल्या घरात काही दुखत नसताना दवाखान्यात जाणे म्हणजे चैन वाटते. दातांच्या बाबतीत मात्र वाट पाहणेच महाग पडते. म्हणून दात कसे बिघडतात, कोणत्या टप्प्यावर कोणता उपचार होतो आणि घरच्या घरी काय सांभाळायचे, ते या लेखात पाहू.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो. या शब्दामुळे दातात खरोखरच एखादी अळी वळवळते आहे, असे वाटते. वस्त्यांमधून, बाजारातून फिरणारे काही लोक याच समजुतीवर पैसे कमावतात. नळी लावतात, धुरी देतात, औषध टाकतात आणि तळहातावर पांढरी अळी काढून दाखवतात. ती हातचलाखी असते. दातात अळी नसतेच. अशा उपचाराने दात बरा होत नाही, उलट खऱ्या उपचाराचे दिवस वाया जातात.

मग कीड लागते म्हणजे काय होते? आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू असतात. दातांवर त्यांचा एक चिकट, पातळ थर साचतो. सकाळी उठल्यावर जिभेला जो बुळबुळीतपणा लागतो, तोच हा थर. आपण साखर, बिस्किट, पाव असे काही खाल्ले की त्यावर हे जंतूही जगतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातला चुना विरघळवू लागते. साधारण अर्ध्या तासात आपली लाळ ते आम्ल निवळते आणि झालेली झीज थोडीफार भरूनही काढते. पण लाळेला तेवढी सवड मिळाली पाहिजे.

म्हणून एकूण साखर किती खाल्ली, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे. जेवणानंतर एकदाच गोड खाल्ले, तर दातांवर एकदाच हल्ला होतो. पण सकाळी चहा-बिस्किट, दहाला चहा, दुपारी चहा-खारी, चारला चहा, संध्याकाळी पुन्हा चहा आणि मधूनमधून तोंडात गोळी, असे चालले तर लाळेला सवडच मिळत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायांना दर घरी चहा मिळतो, बांधकामावर आणि नाक्यावर कामगारांची भूक चहावरच मारली जाते. ती काही हौस नसते. तरी चहात साखर कमी घेणे, प्यायल्यावर साध्या पाण्याची चूळ भरणे आणि चहासोबत बिस्किटाऐवजी शेंगदाणे-फुटाणे खाणे आपल्या हातात आहे.

किडीच्या चार पायऱ्या

दाताची रचना साधी आहे. सर्वात बाहेर पांढरे, अतिशय कठीण कवच असते. आपल्या शरीरातला सर्वात कठीण भाग हाच. त्याला संवेदना नसते. त्याच्या आत थोडा मऊ, पिवळसर थर असतो आणि सगळ्यांत आत रक्तवाहिन्या व नसा असलेला गाभा असतो. कीड बाहेरून आत जाते. दुखते ते मात्र आत पोहोचल्यावर. दातदुखी उशिरा सुरू होण्याचे कारण हेच आहे.

पहिली पायरी : दातावर खडूसारखा पांढरट डाग किंवा तपकिरी-काळा ठिपका दिसतो. दुखत नाही. पांढरट डाग असेल आणि खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराईडची टूथपेस्ट आणि दंतवैद्याने लावलेले फ्लोराईडचे औषध यांनी झीज थांबू शकते.

दुसरी पायरी : खड्डा पडतो, घास अडकतो, गार-गोड लागते. लागलेली कळ लगेच थांबते. या वेळी किडलेला भाग कोरून त्यात सिमेंट किंवा दाताच्या रंगाचा मसाला भरतात. बहुतेक वेळा एका खेपेत काम होते. दात वाचवण्याची सर्वात स्वस्त संधी हीच.

तिसरी पायरी : कीड गाभ्यापर्यंत जाते. गरम लागले की कळ उठते आणि बराच वेळ राहते. आडवे झाल्यावर ठणका वाढतो. आता नुसता मसाला भरून भागत नाही. रूट कॅनाल करावे लागते, म्हणजे आतला सडलेला गाभा काढून मुळांच्या नळ्या साफ करून त्या बंद करतात. त्यासाठी एक ते तीन खेपा लागतात. इथे अनेकांची एक चूक होते. पहिल्या खेपेतच दुखणे थांबते, म्हणून दुसऱ्या खेपेला जातच नाहीत. दाढ उघडीच राहते आणि काही महिन्यांनी पू होऊन पुन्हा सुजते. रूट कॅनाल झालेली दाढ कमजोर झालेली असते, म्हणून तिच्यावर टोपी बसवावी लागते. टोपी न बसवल्यास चावताना ती फुटू शकते आणि केलेला खर्च पाण्यात जातो.

चौथी पायरी : मुळाशी पू साचतो, गाल सुजतो, दाढेचा बराचसा भाग गळून गेलेला असतो. काही दाढा अजूनही वाचतात, काही काढाव्याच लागतात. काढल्यावरही प्रश्न संपत नाही. रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरची दाढ लांबते, फटीत अन्न अडकते. एका बाजूनेच चावायची सवय लागते. पुढे कृत्रिम दाताचा खर्च येतो तो वेगळाच.

‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही भीती मात्र मनातून काढून टाका. दाताच्या आणि डोळ्याच्या नसांचे काम वेगवेगळे आहे. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. सडलेली दाढ तशीच ठेवण्यात खरा धोका आहे.

रात्री ठणका लागला तर

रात्री दवाखाना बंद असतो. अशा वेळी कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात, अडकलेले अन्न मऊ ब्रशने काढावे, उशी उंच घ्यावी. वयाप्रमाणे योग्य मात्रेत पॅरासिटामॉलची गोळी पोटात घ्यावी. लवंगेच्या तेलाचा अगदी बारीक बोळा खड्ड्यात ठेवल्यास तात्पुरते बरे वाटते, पण ते हिरडीला लागू देऊ नका, चटका बसतो.

दाढेजवळ ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणे, रॉकेल किंवा बाम लावणे, तंबाखूची चिमूट ठेवणे हे प्रकार करू नका. त्यांनी हिरडी आणि गाल भाजतात. तंबाखूने दुखणे दबल्यासारखे वाटते आणि अनेकांना तिची सवय अशाच रात्री लागते. गरोदर बाई, मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या व्रणाचा रुग्ण यांनी मेडिकलमधून कोणतीही वेदनाशामक गोळी मागून घेऊ नये. मेडिकलवाल्याने दिलेल्या जंतुनाशक गोळ्यांनी सूज उतरते, पण सडलेला गाभा दातातच राहतो आणि सूज पुन्हा येते. गोळी हा दाढेवरचा उपचार नव्हे, तो उपचारापर्यंतचा थोडासा अवधी आहे.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नका, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा : सूज डोळ्यापर्यंत किंवा जबड्याखाली गळ्याकडे पसरणे, सुजेसोबत थंडी-ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे. दाढेचा पू गळ्यात उतरला तर जीव जाऊ शकतो.

रक्त येते ती हिरडी

कीड दात खाते, तर हिरडीचा आजार दाताचा पाया खातो. दातांवरचा चिकट थर रोज निघाला नाही तर तो घट्ट होत जातो आणि त्याचे पिवळे-काळपट कीटण बनते. कीटणाने हिरडी सुजते, लाल होते, ब्रश करताना रक्त येते. रक्त येते म्हणून आपण ब्रश करणे सोडतो आणि आजार आणखी वाढतो. खरे तर त्या जागी हलक्या हाताने नीट घासणे गरजेचे असते. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केले तर हिरडीखालचे हाड झिजते, हिरडी मागे सरते, तोंडाला वास येतो, पू येतो आणि चांगले न किडलेले दातही हलू लागतात. यालाच लोक पायरिया म्हणतात. झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही, आहे तेवढे मात्र वाचवता येते.

घट्ट कीटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडून काढून घ्यावे लागते. ‘दात साफ केले की ते हलायला लागतात, फटी पडतात’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. फट आधीचीच असते, ती कीटणाने भरलेली असते. कीटणाच्या आधाराने उभा असलेला दात आतून सैल झालेलाच असतो. साफ केल्यावर ते कळते, एवढेच. काही दिवस दात शिवशिवतात, मग थांबतात.

दोघांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. एक, मधुमेही व्यक्तींनी. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांत पू असेल तर साखर आटोक्यात येत नाही. दुसरे, गरोदर बायांनी. या काळात हिरड्या सुजून रक्त येण्याचे प्रमाण वाढते. ‘पोटुशी असताना दाताला हात लावायचा नाही’ हा समज चुकीचा आहे. चौथा ते सहावा महिना दातांच्या उपचाराला सोयीचा असतो आणि पू-सूज असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करून घ्यावेत. आपण गरोदर आहोत हे मात्र डॉक्टरांना आधी सांगावे.

मशेरी म्हणजे तंबाखूच

आता आपल्या घराघरातल्या एका गोष्टीविषयी. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर, दुपारी कामाच्या मधे, रात्री झोपताना बोटाने दातांना लावायची. आजी लावते, आई लावते, हळूहळू लेकही लावू लागते. कुणी मशेरी म्हणते, कुणी मिश्री. तंबाखू खाणे वाईट हे मान्य असते, पण मशेरीचे नाव काढले की उत्तर मिळते, ‘मी कुठे तंबाखू खाते? मी तर दात घासते.’

भाजली तरी तंबाखू ती तंबाखूच. तिच्यातले निकोटिन हिरडीतून रक्तात जाते, म्हणून मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते, कामाला हात लागत नाही. ती तलफ असते, दातांची गरज नव्हे. मशेरीने दात काळे पडतात, घासून झिजतात, हिरडी खाली सरते. गरोदरपणी लावली तर पोटातल्या बाळाचे वजन कमी भरते. 1992 साली केंद्र सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. दात स्वच्छ करण्यासाठी तंबाखू वापरू नये, हे कायद्यानेही सांगून झाले आहे.

सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्करोग करणारा पदार्थ ठरवले. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा खाणाऱ्या पोरांच्या गालाची आतली कातडी पांढरट, ताठ होत जाते. आधी तिखट सहन होत नाही, मग तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळते हे आपल्याला ठाऊक आहे. तोंड नीट उघडते का ते स्वतःच पाहा : स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील तर लगेच दंतवैद्याला दाखवा. गेलेली लवचिकता पूर्ण परत येत नाही, पण सवय सोडल्यास आणि उपचार घेतल्यास पुढचे नुकसान रोखता येते.

तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. पंधरा दिवसांत बरी न झालेली जखम, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गालात-जिभेवर गाठ, कारण नसताना हलू लागलेला दात, गळ्यात लागणारी गाठ ही त्याची लक्षणे असू शकतात. लवकर सापडला तर छोट्या शस्त्रक्रियेवर भागते. उशीर झाला तर जबडा गमवावा लागतो, आणि तरीही जीव वाचेलच असे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, हेही लक्षात असू द्या.

सवय सोडणे अवघड आहे, लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. 1800-11-2356 हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर समुपदेशक बोलतात आणि पुढेही फोन करून धीर देतात. मशेरी लावणाऱ्या आजीला ओरडून काही होत नाही. आधी रात्रीची बंद करा, मग दुपारची, शेवटी सकाळची. डबीच्या जागी ब्रश ठेवा.

लेकरांचे दात

बाळाला साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पूर्ण होतात. ‘दात येताना जुलाब होणारच’ असे समजून थांबू नका. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ हाताला येईल ते तोंडात घालते आणि त्यातून जंतू पोटात जातात. जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा आणि आरोग्य केंद्रात न्या. दातांना दोष देत बसल्याने लेकरू सुकते.

‘दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला उपचार?’ हा आणखी एक समज. दुधाचा दात खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवतो. तो वेळेआधी गेला तर नवे दात वेडेवाकडे येतात. शिवाय दाढ दुखणारे मूल जेवत नाही, झोपत नाही, शाळेत लक्ष देत नाही. तोंडात साखरेच्या दुधाची बाटली देऊन किंवा मध लावलेली चोखणी देऊन झोपवल्यास पुढचे वरचे दात वर्ष-दोन वर्षांत किडतात.

सहाव्या वर्षाची खूण तर प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावी. या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते आणि गेली तर पुन्हा येत नाही. तिच्या खोल खाचा दंतवैद्याकडून बुजवून घेता येतात, म्हणजे तिथे कीड धरत नाही.

खेळताना पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाला धरा, माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर हलवा, घासू नका. शक्य असल्यास जागेवर बसवा, नाहीतर थंड दुधात ठेवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे पोहोचा. असा दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

एक ग्लास पाणी, दोन मिनिटे

तोंडाची निगा ही काही नवी शिकवण नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवण वापरण्याची अनुमती दिल्याचा प्रसंग आहे. दातवण न केल्यास तोंडाला दुर्गंधी येते, अन्नाची गोडी लागत नाही, असे तोटे तिथे सांगितले आहेत. दातवण आठ बोटांहून लांब नको आणि चार बोटांहून आखूड नको, इतका बारीक विचार केलेला आहे.

आज आपल्याकडे ब्रश आहे. तो मऊ केसांचा घ्या. कडक ब्रशने जोरात घासल्यास हिरडीजवळ दात झिजतात. पेस्टच्या खोक्यावर ‘फ्लोराईड’ लिहिलेले पाहा. महागडी पेस्ट लागत नाही. मोठ्यांना वाटाण्याएवढी आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश तिरका धरून हिरडीपासून दाताच्या टोकाकडे फिरवा. बाहेरची, आतली आणि चावायची अशा तिन्ही बाजू दोन मिनिटे घासा. जीभही हलकेच साफ करा. पेस्टचा फेस थुंका, पण लगेच भरपूर चुळा भरू नका, म्हणजे फ्लोराईड दातांवर राहते. नळाला पाणी कमी येते तिथेही एक ग्लास पाण्यात हे सगळे होते.

सकाळपेक्षा रात्रीचा ब्रश महत्त्वाचा. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. रात्री जेवणानंतर घासून झोपायचे आणि मग पाण्याशिवाय काही तोंडात घ्यायचे नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत. प्रत्येकाचा ब्रश वेगळा ठेवा आणि केस पसरले की, साधारण तीन महिन्यांनी बदला.

राख, कोळसा, विटेची पूड, खरखरीत लाल मंजन यांनी दात पांढरे दिसतात, पण कवच झिजते. कडुनिंबाची काडी मऊ चावून सकाळी वापरली तर हरकत नाही. मात्र ती दाढांच्या आतल्या बाजूला पोहोचत नाही, म्हणून रात्री ब्रश हवाच.

कुठे जायचे, काय विचारायचे

ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी दंतवैद्य असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे खाजगीपेक्षा खूप कमी खर्चात उपचार होतात. विद्यार्थी काम करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. वेळ जास्त लागतो, म्हणून लवकर जाऊन केसपेपर काढा. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते, त्यात दातही पाहतात. पथक कधी येणार ते सेविकाताईंना किंवा शिक्षकांना विचारा. ईएसआयचे कार्ड असेल तर तिथला दंतविभागही आपला आहे.

रस्त्यावर बसून दात काढणारे, शेजारच्या दाताला सिमेंटने पक्के खोटे दात चिकटवणारे यांच्याकडे जाऊ नका. न उकळलेल्या हत्यारातून कावीळ, एचआयव्ही असे आजार पसरू शकतात आणि चिकटवलेल्या दाताखाली चांगले दात सडतात. खाजगी दवाखान्यात डॉक्टरांची बीडीएस पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी पाहा. सुई नवी आहे का, हत्यारे निर्जंतुक केली आहेत का, एकूण किती खेपा आणि किती खर्च, हे आधीच विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे. आपल्यालाही काही सांगावे लागते : रक्तदाब, साखर, हृदयाचा आजार, रक्त पातळ करण्याची गोळी, कोणत्या औषधाची ॲलर्जी.

दाढ काढावी लागलीच, तर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. त्या दिवशी थुंकू नका, चुळा भरू नका, तंबाखू-बिडी-दारू नको. गार, मऊ जेवण घ्या. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भरा. रक्त थांबत नसेल किंवा दोन-तीन दिवसांनी ठणका वाढला, तर पुन्हा दाखवा.

सगळे दात गेलेल्या आजी-आजोबांनी कवळी रात्री काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवावी. कवळी टोचून जखम होत असेल तर ती घासून घ्यावी लागते, अंगवळणी पडेल म्हणून सोसू नये.

या रविवारी

एवढे सगळे वाचून एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा. या रविवारी घरातल्या सगळ्यांना उजेडात बसवा. मोबाईलच्या टॉर्चने एकमेकांचे तोंड पाहा : दाढेवर काळा ठिपका, हिरडीतून रक्त, गालात चट्टा, जिभेच्या कडेला जखम, तीन बोटे जातात की नाही. आजीचेही पाहा आणि सहा वर्षांच्या लेकराचेही. काही दिसले तर कामाच्या सुट्टीचा दिवस ठरवा आणि दुखत नसतानाच दवाखान्यात जा.

त्या बाकावर बसून ‘डॉक्टर, अजून दुखत नाही, पण एकदा बघा’ असे म्हणता आले, तर बहुतेक वेळा दाढही वाचेल आणि रोजगारही.